लढायचे पैसे: मासाहिको किमुरा ते यूएफसी

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे की जिमचा? इतिहासाचाच आहे. फक्त आज किल्ला नाही, तह नाही, तलवार नाही. आज एक साधा प्रश्न आहे. माणूस मारामारीचे पैसे घ्यायला लागला की नक्की काय होतं?

आमच्या ऑफिसमधले दोघं जण आठवड्यातून तीनदा एमएमएच्या क्लासला जातात. एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, हात मुरगाळणं, सगळं एकाच लढतीत. दोघंही बरे खेळतात. पण ते दर महिन्याला फी भरतात. प्रोफेशनल फायटर म्हणजे ज्याला लढायचे पैसे मिळतात तो. इतका साधा फरक आहे आणि सगळी गोम त्यातच आहे. आपण ‘प्रोफेशनल’ हा शब्द ‘लई भारी’ या अर्थाने वापरतो. अमका एकदम प्रोफेशनल आहे, वगैरे. प्रत्यक्षात त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की याचं घर यावर चालतं.

हा फरक किती महाग पडू शकतो हे समजून घ्यायला एक माणूस पुरेसा आहे. त्याच्या काळी ‘एमएमए’ हा शब्दसुद्धा नव्हता. त्याचं नाव मासाहिको किमुरा.

जन्म १९१७, जपानमधलं कुमामोतो. ज्युदोमध्ये अठराव्या वर्षी पाचवा दान, म्हणजे ब्लॅक बेल्टची पाचवी पायरी. त्या वयात हे कोणाला मिळत नव्हतं. १९३५ साली तो चार लढती हरला आणि ज्युदो सोडायच्या बेतात होता. सोडलं नाही. उलट दुसऱ्यांच्या तिप्पट मेहनत हा नियम करून घेतला. दिवसाला नऊ-नऊ तास सराव. झाडाला प्रतिस्पर्धी समजून त्याच्यावर पाय मारण्याचा डाव घोटायचा. आपल्याकडे पैलवान जोर-बैठकांचे आकडे सांगतात ना, त्या जातीची गोष्ट. त्याचा वस्ताद तात्सुकुमा उशिजिमा हाही तसाच कडक. पुढे १९३७, ३८, ३९ अशी लागोपाठ तीन वर्षं किमुरा अखिल जपान विजेता झाला. १९४० मध्ये सम्राटासमोर झालेली स्पर्धाही त्याने मारली. जपानी लोक त्याच्याबद्दल म्हणतात, किमुराआधी किमुरा नाही आणि किमुरानंतर किमुरा नाही.

आणि एवढं सगळं करून कमाई? जवळपास काही नाही. कारण ज्युदो हे पैसे मिळवायचं साधन नव्हतंच. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही संस्था काढली ती शिक्षण म्हणून, माणूस घडवायचं साधन म्हणून. विचार म्हणून सुंदर आहे. पण पोटाचं काय, हा प्रश्न त्यात बसत नाही.

१९४५ साली जपान युद्ध हरला. अमेरिकन लष्करी प्रशासनाने शाळांमधून ज्युदो, केंदो बंद केलं. म्हणजे शिकवून पोट भरायची जी थोडीफार सोय होती तीही गेली. अन्नाची टंचाई, काळा बाजार, उद्ध्वस्त शहरं. अशा देशात सगळ्यात ताकदवान माणूस असण्याचा उपयोग काय?

१९४९ मध्ये किमुरा पुन्हा अखिल जपान स्पर्धेच्या फायनलला पोचला. निकाल लागला नाही, विजेतेपद वाटून दिलं गेलं. आणि पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, त्याचे वस्ताद उशिजिमा यांनी एक धाडस केलं. प्रोफेशनल ज्युदो. तिकीट लावायचं, लढती करायच्या, खेळाडूंना पगार द्यायचा. किमुरा त्यात सामील झाला. याच काळात त्याच्या बायकोला टीबी झाला होता. टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नवीन होतं आणि सामान्य जपानी माणसाच्या आवाक्याबाहेर होतं.

एप्रिलमध्ये पहिली स्पर्धा झाली. काही महिन्यांत गर्दी ओसरली, पैसे थकायला लागले. स्टार्टअपमध्ये काम केलेल्या मंडळींना हा भाग वेगळा समजावून सांगायला नको. पगार लांबला, मग अर्धा आला, मग आलाच नाही. किमुरा बाहेर पडला आणि हवाईला गेला. तिथे ज्युदोच्या प्रात्यक्षिकांबरोबर प्रो-रेसलिंगही सुरू केलं. म्हणजे ती टीव्हीवरची ठरवून केलेली कुस्ती. ज्याने आयुष्यभर खरं खेळलं तो आता ठरवून पडायला शिकला, कारण त्याचे डॉलर मिळत होते आणि घरी औषध आणायचं होतं.

तिकडच्या ज्युदोवाल्यांनी याला गद्दारी म्हटलं. मला ते पटत नाही. ज्या संस्थेने तुम्हाला कधी पगार दिला नाही, तिने तुमच्या नोकरीवर आक्षेप घेणं ही जरा मजाच आहे.

मग आलं १९५१ आणि ब्राझील. साओ पावलोमधल्या एका जपानी वर्तमानपत्राने किमुराला दोन ज्युदोवाल्यांबरोबर बोलावलं, यामागुची आणि कातो. ब्राझीलमध्ये जपानी स्थलांतरितांची मोठी वस्ती होती, आजही आहे. तिथे युद्धानंतर विचित्र प्रकार चालू होता. बऱ्याच लोकांचा जपान हरला यावर विश्वासच नव्हता, आणि विश्वास ठेवणाऱ्यांवर हल्ले होत होते, खून पडले होते. अशा दुखावलेल्या समाजासमोर आपला पैलवान येतोय म्हटल्यावर तिकिटं खपणारच.

ब्राझीलमध्ये ग्रेसी घराणं होतं. कार्लोस ग्रेसी एका जपानी ज्युदोवाल्याकडून शिकला, मित्सुयो माएदा त्याचं नाव. त्याच्या भावांनी ती विद्या पुढे नेली, त्यातून ब्राझिलियन जिऊ-जित्सू तयार झालं. धाकटा हेलिओ, अंगाने किरकोळ, पण जिद्दी. त्याने आधी कातोशी बरोबरी केली आणि दुसऱ्या लढतीत कातोचा गळा आवळून त्याला बेशुद्ध केलं. आता किमुराला उतरणं भाग होतं.

२३ ऑक्टोबर १९५१, रिओचं माराकाना स्टेडियम. वर्षभरापूर्वी याच मैदानावर फुटबॉल वर्ल्डकपमध्ये ब्राझील हरला होता. दहा-दहा मिनिटांचे तीन राउंड. पाठीवर पाडलं, दाबून धरलं, याला किंमत नाही. शरण आला किंवा बेशुद्ध झाला तरच हार. किमुरा ३४ वर्षांचा, हेलिओ ३८ चा, आणि वजनात किमुरा वीसेक किलोंनी जड.

किमुराने त्याला वाट्टेल तसं आपटलं. पण मॅट मऊ होती, हेलिओ उठत राहिला. दुसऱ्या राउंडमध्ये किमुराने त्याचा हात पकडला आणि पाठीमागे पिरगाळला. डावाचं जपानी नाव उदे-गारामी. हाड मोडल्याचा आवाज किमुराने स्वतः ऐकला, असं त्याने आठवणींत लिहिलंय. हेलिओ तरीही शरण येईना. शेवटी भाऊ कार्लोसने टॉवेल टाकला.

आता यातली गंमत बघा. ग्रेसी मंडळींनी हा पराभव लपवला नाही. उलट ज्या डावाने हात मोडला त्याला ‘किमुरा’ असंच नाव पडलं. आज जगातल्या कुठल्याही जिममध्ये, पुण्यात, नाशकात, पोरं म्हणतात, ‘किमुरा लाव रे.’ आणि ग्रेसींच्या घरात या पराभवाची दंतकथा झाली: आमचा माणूस हाड मोडलं तरी शरण आला नाही. हरून अख्ख्या घराण्याची पत वाढली. जिंकणारा मात्र पुढच्या कामाच्या शोधात जपानला परतला.

पुढचं प्रकरण मला सगळ्यात जास्त खटकतं. १९५३ मध्ये जपानमध्ये टीव्ही सुरू झाला. घरोघरी टीव्ही नव्हता, लोक रस्त्यावर, दुकानांसमोर उभे राहून बघायचे. आणि त्यांना काय आवडलं, तर प्रो-रेसलिंग. त्याचा हिरो रिकिदोझान. मूळचा कोरियातला, आधी सुमो पैलवान, मग रेसलर. हा गडी कराटेचे फटके मारून धिप्पाड अमेरिकनांना पाडायचा आणि हरलेला देश रस्त्यावर नाचायचा. १९५४ च्या फेब्रुवारीत रिकिदोझान आणि किमुरा जोडीने कॅनडाच्या शार्प बंधूंशी लढले. ठरवाठरवीत पडायचं काम कोणाकडे आलं? किमुराकडे. चमकायचं काम रिकिदोझानकडे.

किमुरा भडकला. खरी लढत झाली तर मी याला हरवीन, असं त्याने वर्तमानपत्राला सांगितलं. मग २२ डिसेंबर १९५४ ला तोक्योत कुरामाए कोकुगिकानमध्ये दोघांची लढत ठरली. लोकांना सांगितलं, खरी. आतून ठरलं होतं, बरोबरी. पहिली लढत बरोबरीत, मग पुढच्या लढती, मग सगळ्यांची कमाई. आपल्या भाषेत सांगायचं तर नुरा कुस्ती. किमुराने आपल्या बाजूचा करार लिहून दिला. रिकिदोझानने आपल्या बाजूचा दिला नाही.

हे वाक्य पुन्हा वाचा. एकाने लिहून दिलं, दुसऱ्याने नाही.

लढत चालू असताना मध्येच रिकिदोझानने ठरलेलं सोडलं आणि खरे ठोसे, खरे तळहाताचे फटके मारायला सुरुवात केली. किमुरा खेळ खेळत होता, समोरचा लढत होता. किमुरा रक्तबंबाळ होऊन पडला. अख्ख्या जपानने टीव्हीवर पाहिलं. नंतर ते लिहून दिलेलं कागदपत्रही रिकिदोझानने बाहेर काढलं, म्हणजे ठरवाठरवी करणारा किमुराच ठरला. रिकिदोझान देशाचा हिरो झाला, १९६३ मध्ये एका नाइट क्लबात सुरी लागून वारला. किमुरा पुढे ताकुशोकु विद्यापीठात शिकवत राहिला. त्याचा शिष्य इवात्सुरी १९७१ मध्ये अखिल जपान विजेता झाला. कोदोकानने किमुराला सातव्या दानच्या वर नेलं नाही. १८ एप्रिल १९९३ रोजी तो गेला.

जवळपास सात महिन्यांनी, १२ नोव्हेंबर १९९३ ला, अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये पहिलं यूएफसी झालं.

हात मोडून घेतलेल्या हेलिओचा मोठा मुलगा रोरिओन आयोजकांपैकी एक. धाकटा मुलगा रॉइस मैदानात. आठ जण, बाद पद्धत, एका रात्रीत तीन लढती जिंकायच्या आणि ५० हजार डॉलर घ्यायचे. रॉइसने एका बॉक्सरला, मग केन शॅमरॉकला, मग फायनलला जेरार्ड गोर्डोला शरण आणलं. घराण्याची जाहिरात झाली, एमएमए नावाचा धंदा उभा राहायला सुरुवात झाली.

त्या रात्रीतला माझा आवडता माणूस रॉइस नाही. तो बॉक्सर, आर्ट जिमरसन. एका हातात बॉक्सिंग ग्लोव्ह, दुसरा हात मोकळा, असा अवतार करून तो आला. रॉइस त्याच्या अंगावर बसला आणि जिमरसनने कुठला डाव लागायच्या आतच हार मानली. तीस वर्षं लोक त्याच्यावर हसतायत. पण जरा विचार करा. त्याचं बॉक्सिंगचं करिअर चालू होतं. हात मोडला तर पुढच्या लढती गेल्या. त्या पिंजऱ्यात त्या रात्री सगळ्यात व्यावसायिक विचार कोणी केला असेल तर तो यानेच.

सुरुवातीची वर्षं मी पटकन सांगतो. नियम जवळजवळ नव्हते. १९९६ मध्ये सिनेटर जॉन मॅकेन यांनी याला माणसांची कोंबडझुंज म्हटलं आणि राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली. बंदी, केबलवाल्यांचा बहिष्कार. मग २००० नंतर न्यू जर्सीत एकसमान नियम ठरले: वजनगट, राउंड, ग्लोव्ह, डॉक्टर, तीन पंच. २००१ मध्ये फर्टिटा बंधू आणि डेना व्हाइट यांनी झुफा या कंपनीतर्फे यूएफसी २० लाख डॉलरला विकत घेतली. २०१६ मध्ये तीच कंपनी साधारण ४०० कोटी डॉलरला विकली गेली. आकडे चुकून ऐकले नाहीत तुम्ही.

मग फायटर श्रीमंत झाले का? वरचे मोजके झाले, कॉनर मॅक्ग्रेगरसारखे. बाकीच्यांचा हिशोब कसा असतो ते सांगतो, कारण इथे माझ्यातला कोडर जागा होतो.

करार असतो लढतींचा. सुरुवातीच्या फायटरला समजा १२ हजार डॉलर उतरण्याचे आणि १२ हजार जिंकण्याचे. म्हणजे हरलात तर अर्धे. माझ्या ऑफर लेटरमध्ये व्हेरिएबल पे आहे, त्यावरून घरी आई-बाबांना समजावताना माझी दमछाक झाली होती. इथे अर्धा पगार व्हेरिएबल, आणि अप्रेझल करणार तीन पंच, पंधरा मिनिटं बघून. दोघांनी एकाला दिलं, एकाने दुसऱ्याला, की गेले अर्धे पैसे. त्यातून मॅनेजरचा वाटा, जिमचा वाटा, सरावाला आलेल्या जोडीदारांचा खर्च, कर. वर्षाला दोन किंवा तीन लढती. जखम झाली तर एक. फायटर कंपनीचा नोकर नसतो, स्वतंत्र कंत्राटदार असतो. त्यामुळे पीएफ नाही, रजा नाही. सरावात झालेल्या दुखापतीसाठी यूएफसीने विमा आणला तोच २०११ मध्ये. आणि सगळ्यात जास्त दुखापती सरावातच होतात. तरीही कंत्राटदार दुसऱ्या कंपनीत जाऊन लढू शकत नाही, करार संपेपर्यंत बांधलेला. आयटीमध्ये असं कोणी सांगितलं असतं तर आपण एचआरला मेल टाकला असता.

शरीराचा हिशोब वेगळाच. लढतीच्या आदल्या दिवशी वजन होतं. म्हणून गडी आठवडाभर पाणी तोडतो, गरम पाण्याच्या टबात बसून घाम काढतो, वजनकाट्यावर हाडांचा सापळा होऊन चढतो आणि चोवीस तासांत पुन्हा भरून घेतो. सगळेच करतात म्हणून प्रत्येकाला करावं लागतं. डिसेंबर २०१५ मध्ये चीनचा यांग जियान बिंग, वय २१, मनिलाला लढायला आलेला. वजन उतरवताना कोसळला आणि वारला. लढत झालीच नाही. त्यानंतर वन चॅम्पियनशिप या आशियाई कंपनीने पाणी तोडून वजन उतरवण्यावर बंदी घातली. इतरत्र ते चालूच आहे.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्राला पैशाची लढत नवी नाही. शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, खुराक दिला, १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबागचं मैदान उभं राहिलं. जत्रेत इनामी कुस्त्या आजही लागतात. पण आपल्या पैलवानाचं घर इनामावर चालत नाही. ते चालतं सरकारी नोकरीवर. महाराष्ट्र केसरी तीनदा मारलेले नरसिंग यादव, विजय चौधरी पोलीस खात्यात डीवायएसपी झाले. राजाश्रय गेला, त्याच्या जागी स्पोर्ट्स कोटा आला. एमएमए ऑलिंपिकमध्ये नाही, त्यामुळे ही वाट बंद. आपल्या पोराला तालमीत घालणारा बाप पिंजऱ्यात का घालत नाही, याचं उत्तर मला तरी रक्तात दिसत नाही, या कोट्यात दिसतं.

तरी पोरं उतरतायतच. मार्च २०१२ मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात सुपर फाइट लीगचा पहिला कार्यक्रम झाला, बॉलिवूडच्या झगमगाटासकट. मुंबईचा भरत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला, सोंग यादोंगकडून पहिल्याच राउंडमध्ये हरला. तो सोंग पुढे जगातल्या अव्वल फायटर्समध्ये गेला, हे सांगायला हवं. ८ जून २०२४ ला उत्तर प्रदेशची पूजा तोमर लुईव्हिलमध्ये जिंकली. यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला. निकाल दोन विरुद्ध एक पंच असा होता. एकाचं मत फिरलं असतं तर बातमीच झाली नसती.

आता शेवटचा मुद्दा, जो किमुराच्या त्या कागदापासून सरळ इथे येतो. करार कोणी लिहिला आणि कोणाला बांधतो. डिसेंबर २०१४ मध्ये कुंग ली, नेट क्वारी, जॉन फिच अशा फायटर्सनी यूएफसीवर खटला भरला. म्हणणं असं, की कंपनीने दुसऱ्या कंपन्या गिळून आणि लांबलचक करार करून बाजार ताब्यात ठेवला, आमची किंमत पाडली. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये खेळाडूंना उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा मिळतो, कारण त्यांची संघटना आहे. यूएफसीत तो विसेक टक्के. बॉक्सर्ससाठी २००० सालचा मुहम्मद अलींच्या नावाचा कायदा आहे, प्रमोटरला कमाई उघड करावी लागते. एमएमएला तो लागू नाही.

खटला दहा वर्षं चालला. डिसेंबर २०१० ते जून २०१७ या काळात लढलेले जवळपास १,२०० फायटर त्यात आले. २०२४ मध्ये कंपनीने ३३.५ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं, त्यात दुसरा एक खटलाही मिटवायचा होता. न्यायाधीश रिचर्ड बुलवेअर यांनी जुलैत ते फेटाळलं. मग फक्त पहिल्या खटल्यासाठी ३७.५ कोटींचा प्रस्ताव आला. अनेक फायटर्सनी कोर्टाला लिहून दिलं: कृपा करून मंजूर करा, खटला पुढे चालला तर जास्त मिळतीलही, पण आम्हाला आत्ता गरज आहे. कोणाला विसरायला होतं, कोणाची डोकेदुखी थांबत नाही, कोणाकडे उपचाराला पैसे नाहीत. हे सगळे टीव्हीवर दिसलेले लोक. फेब्रुवारी २०२५ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली.

जुलै २०१७ नंतर जे लढले त्यांना यातून काही मिळालं नाही. त्यांचा तो दुसरा खटला वेगळा चालवावा लागला.